गडाच्या कड्यावरचे फूल : शिंदळ माकुडीची तीन नावे

१/
मुंबईच्या कोटाचे तट ज्या गव्हर्नराच्या कारकिर्दीत पाडले गेले, त्याचेच नाव सह्याद्रीच्या गडांवर उगवणाऱ्या एका फुलाला मिळाले. हे फूल महाराष्ट्राबाहेर जगात कोठेही आपसूक उगवत नाही. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड हे त्याचे पत्ते आहेत. दीडशेहून अधिक वर्षांत त्याला तीन नावे मिळाली, जगभरच्या काचघरांत जागा मिळाली. स्वतःच्या कड्यावर मात्र त्याचे आयुष्य आजही टांगणीलाच आहे. त्या फुलाचा हा इतिहास.

२/
प्रारंभ मुंबईपासून. सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव वधारला होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. वाढत्या शहराला जुना कोट अपुरा पडू लागला, तेव्हा त्याचे तट जमीनदोस्त करण्यात आले. याच सुमारास १८६४ मध्ये एक भव्य कारंजे उभे राहिले. त्याला फ्रियर यांचे नाव द्यावयाचे, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात नाव दिले गेले ते फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे. तेच आजच्या हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन.

३/
कारंज्यावरचे नाव फुलांच्या देवतेने घेतले. त्याची भरपाई म्हणावी, तसे त्याच सुमारास एका फुलाने फ्रियर यांचे नाव घेतले. निकोल अलेक्झांडर डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर परिसरातील एका अपरिचित वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या वनस्पतीसाठी त्याने एक स्वतंत्र प्रजातीच निर्माण केली आणि तिला गव्हर्नरांच्या नावावरून ‘फ्रेरिया’ म्हटले. पूर्ण नाव झाले ‘फ्रेरिया इंडिका’.

४/
डाल्झेल १८४१ मध्ये मुंबईत आला तो जकात खात्यातील नोकरीवर. वनस्पतींचा अभ्यास हा त्याचा छंद होता. पुढे तोच त्याचा व्यवसाय झाला आणि तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याच्या आधी या पदावर होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन. हा पेशाने शल्यवैद्य. देवी टोचण्याच्या कामासाठी दख्खन आणि खानदेश त्याने पायांखाली घातला होता. १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाची सूत्रे त्याच्याकडे आली आणि १८४७ मध्ये तो इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

५/
गिब्सनचे नाव जुन्नरच्या इतिहासाशी जोडलेले आहे. जुन्नरजवळच्या हिवरे येथे सरकारी बाग होती. इंग्रजी कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘हेवरा’ असा येतो. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तेथे वाढवल्या जात. गिब्सन आणि डाल्झेल या दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची ती पहिली मोठी सलग नोंद. त्या ग्रंथात फ्रेरिया नाही. तिचे वर्णन आले ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी. जुन्नरच्या आसपास वर्षानुवर्षे वावरलेल्या माणसांच्या ग्रंथातूनही ती निसटली, यावरूनच तिचे दुर्मीळपण ध्यानात यावे.

६/
अर्थात ‘शोध’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो. डाल्झेलच्या टिपणाने ती शास्त्राला ज्ञात झाली, परंतु मावळातील गुराखी आणि धनगर यांना ती त्याआधीपासून ठाऊक असणारच. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. तिच्या सोयरिकीतील माकडशिंग ही वनस्पती दख्खनच्या माळांवर सर्वपरिचित आहे आणि तिची कोवळी खोडे लोक खातात. लोकभाषेतले हे नाव कोणी, केव्हा ठेवले, याची तारीख कोणत्याही नियतकालिकात सापडणार नाही.

७/
ही वनस्पती दिसते कशी? बोटाएवढी जाड, मांसल, हिरवट राखाडी खोडे खडकाच्या कपारीतून खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांवर लहान, जाडसर पाने येतात. पावसाळा सरत असताना फुले लागतात. फूल चांदणीच्या आकाराचे, पाच पाकळ्यांचे, गडद तांबडे-किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके आणि कडांना बारीक केसांची झालर. हिवाळा संपेपर्यंत पाने गळून जातात. उन्हाळ्यात उरतात ती केवळ सुरकुतलेली खोडे. अनोळखी नजरेला ती वाळून गेलेली काडी वाटते.

८/
या फुलाला सुगंध नाही. त्याला मंद कुजका वास येतो आणि त्याला भुलून माश्या येतात. रुईच्या फुलाप्रमाणे याही फुलातील पराग सुटी पूड होऊन उडत नाहीत. ते मेणासारख्या इवल्याशा पुड्यांत बांधलेले असतात. माशीचा पाय वा सोंड फुलातील खाचेत अडकली, की पुडी तिला चिमट्यासारखी चिकटते आणि पुढच्या फुलापर्यंत जाते. हे जमले, तरच शेंगा धरतात. शेंग तडकली, की रेशमी केसांचा झुबका असलेले बी वाऱ्यावर तरंगत निघते. माशी आणि वारा यांच्याच भरवशावर हा वंश एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर गेला.

९/
वनस्पतिशास्त्राला तिचे एवढे अप्रूप का? ज्या गटात ती मोडते, त्या गटातील वनस्पती मुख्यत्वे आफ्रिका आणि अरबस्तान येथे वाढतात. भारत हा त्यांच्या विस्ताराचा पूर्वेकडील भाग. कोरड्या हवेशी जुळवून घेताना या गटाने पाने जवळजवळ टाकून दिली आणि पानांचे काम हिरव्या खोडांवर सोपवले. शिंदळ माकुडी मात्र अजूनही दर पावसाळ्यात खरीखुरी, पूर्ण वाढलेली पाने धारण करते. सबंध गटात हे तिचे वेगळेपण आहे.

१०/
तिच्या पत्त्यांची यादी वाचताना इतिहासाचा विद्यार्थी थबकतो. शिवनेरी : छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान. वज्रगड : पुरंदरचा जोडकिल्ला, १६६५ मध्ये दिलेरखानाच्या तोफांपुढे पडला आणि पाठोपाठ पुरंदरचा तह झाला. सज्जनगड : समर्थ रामदासांचे अखेरचे निवासस्थान. शिवथरघळ : परंपरेनुसार दासबोधाच्या लेखनाची जागा. याखेरीज महाबळेश्वरचा परिसर आणि प्रवरेवरील रंधा धबधब्याचा भाग. मराठ्यांच्या इतिहासाचा नकाशा आणि या फुलाचा नकाशा अनेक ठिकाणी एकमेकांवर पडतात.

११/
हा योगायोग नव्हे. सह्याद्री लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी घडला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसाल्ट. या थरांची झीज सारखी होत नाही. कठीण थर उभे तुटतात, त्यांचे ताशीव कडे होतात. मऊ थर झिजतात, तेथे कपारी आणि अरुंद धारी तयार होतात. गड बांधणाऱ्याला नेमका असा डोंगर हवा असतो : माथ्यावर सपाटी, चोहोबाजूंनी कडे, चढायला एखादीच वाट.

१२/
शिंदळ माकुडीलाही हाच डोंगर हवा असतो, पण निराळ्या कारणाने. कपारीत वितभर माती साचते, पावसाचे पाणी झिरपते आणि लगेच निथळून जाते. गवत आणि झुडपे तेथे दाटी करत नाहीत. गुरे पोचत नाहीत. वणवा उतारावरचे गवत जाळतो, पण उघड्या कातळाशी येऊन विझतो. शत्रूला रोखणाऱ्या कड्याने गुरांचे तोंड आणि आग या दोहोंनाही रोखले. तटबंदी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून हा कडा तिचा गड होता.

१३/
१८१८ मध्ये मराठी राज्य बुडाले. गड पुन्हा बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी अनेक ठिकाणी वाटा मोडल्या. जुन्नर भागात चावंड, जीवधन यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्याच्या खुणा आजही दिसतात. राबते गड ओस पडले. माणसांच्या इतिहासात ही हानी होती. कड्यावरच्या वनस्पतींच्या वाट्याला मात्र त्यातून शंभर-दीडशे वर्षांची शांतता आली असली पाहिजे.

१४/
याच काळाशी फ्रियर यांचाही संबंध आहे. मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी ते साताऱ्यास रेसिडेंट होते. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे तथा अप्पासाहेब निवर्तले. दत्तकविधान मान्य करावे, असे फ्रियर यांचे मत होते. डलहौसीने ते डावलले, संस्थान खालसा केले आणि पुढे त्या मुलखाचा कारभार फ्रियर यांच्याचकडे आला. शेजारच्या सज्जनगडाच्या कड्यावर एक फूल आहे आणि एक दिवस त्याला आपले नाव मिळणार आहे, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१५/
नाव मिळाले, पण नावाने संरक्षण मिळाले नाही. वसाहतीच्या काळात वनखात्याचे लक्ष होते ते सागावर, जहाजांच्या आणि रेल्वेच्या लाकडावर. याला एक अपवाद सांगायलाच हवा. जंगलतोडीमुळे झरे आटतात, अशी चिंता गिब्सनने आपल्या अहवालांतून मांडली होती आणि डाल्झेलने १८६३ मध्ये जंगलांच्या हवापाण्यावरील परिणामांविषयी स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. पण ती चिंता अरण्याची होती. कपारीत लोंबणाऱ्या, लाकूड न देणाऱ्या लहानशा वनस्पतीसाठी त्या काळच्या कायद्यात रकानाच नव्हता.

१६/
विसाव्या शतकात अभ्यासाची धुरा पुढे सरकली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला. स्वातंत्र्योत्तर काळात फादर सांतापाव यांनी पुरंदरच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९६२ मध्ये इराणी यांच्यासमवेत मुंबई प्रांतातील रुईकुळावर ग्रंथ सिद्ध केला. एखाद्या गडाची बखर असावी, तशी ही गडाच्या झाडापाल्याची बखर. पुढे संकटग्रस्त जातींच्या याद्या झाल्या, त्या अशाच नोंदींच्या पायावर.

१७/
१९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातील अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींपैकी बारा वनस्पती ठळकपणे लोकांपुढे मांडल्या. त्या बारांत शिवनेरीची ही रहिवासी होती. १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन वनस्पतींसाठी पहिल्यांदा स्वतंत्र अनुसूची आली. तीत सहा वनस्पती होत्या. फ्रेरिया त्यांत नव्हती. जगाच्या बारांत जागा मिळालेल्या वनस्पतीला देशाच्या सहांत जागा मिळाली नाही.

१८/
दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडत होती. शिंदळ माकुडीची खोडाची कांडी तोडून लावली, तरी ती मूळ धरते. त्यामुळे मांसल वनस्पतींचा शौक असलेल्या लोकांच्या संग्रहांत ती पसरत गेली. आज युरोप-अमेरिकेतील काचघरांत, कुंड्यांत ती सुखाने फुलते. मायभूमीत मोजक्या कड्यांवर आणि परदेशांत खिडकीच्या कट्ट्यावर, असे हे दुहेरी जीवन आहे. मग तिला संकटग्रस्त म्हणण्याचे कारण काय, असा प्रश्न येथे पडणे स्वाभाविक आहे.

१९/
उत्तर कांडीतच आहे. कांडीपासून वाढलेले रोप ही मूळ रोपाची हुबेहूब प्रत असते. एका रोपाच्या हजार कुंड्या केल्या, तरी वंशविविधता एकाच रोपाची राहते. शिवनेरीची, वज्रगडाची, सज्जनगडाची रोपे एकमेकांपासून दीर्घकाळ अलग वाढली आहेत. प्रत्येक कड्याने आपापल्या ऊन-वाऱ्यानुसार त्यांना पारखून घेतले आहे. त्यातला एक कडा रिकामा झाला, तर ती पारख कोणत्याही कुंडीत परत मिळणार नाही. ग्रंथाच्या छापील प्रती कितीही असोत, मूळ हस्तलिखितांचे पाठभेद जळाले की ते कायमचे जातात. तसेच हे.

२०/
म्हणून संवर्धनाचा खरा अर्थ रोपे वाढवून ती कड्यावर परत नेणे असा झाला. ऊतिसंवर्धनाच्या पद्धती बसवल्या गेल्या. सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ असलेल्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने या वनस्पतीच्या अधिवासाचा अभ्यास केला आणि तिच्या पुनर्स्थापनेसाठी काम केले. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. योग्य उताराची, निचऱ्याची, गुरांपासून दूर असलेली कपार हेरायची, रोप तेथे टिकवायचे आणि माश्यांची, शेंगांची, नव्या रोपांची वाट पाहायची. रोप जगले म्हणजे अर्धेच काम झाले. त्याच्या बियांतून पुढची पिढी उगवली, म्हणजे ते पुरे झाले.

२१/
नावांची कथाही पुढे सरकली. १९५८ मध्ये रौली या ब्रिटिश अभ्यासकाने फ्रेरियाला स्वतंत्र प्रजाती न मानता ‘कॅरलुमा’ या प्रजातीत घातले. ‘कॅरलुमा इंडिका’ हे नाव दुसऱ्या वनस्पतीने आधीच घेतले होते. म्हणून नवे नाव झाले ‘कॅरलुमा फ्रेरी’. २००० नंतरच्या अभ्यासांत ती ‘बुसेरोशिया’ या प्रजातीत गेली आणि ‘बुसेरोशिया फ्रेरी’ झाली. शास्त्राच्या नियमांची ही करामत अशी, की नावातून ‘भारतीय’ हा शब्द गळाला आणि गव्हर्नर तेवढे राहिले.

२२/
अलीकडे जुन्नर परिसरात तिला ‘शिवसुमन’ हे नवे नाव मिळाले आहे. शिंदळ माकुडी, फ्रेरिया, शिवसुमन : गुराख्यांचे नाव, साम्राज्याचे नाव आणि अस्मितेचे नाव. ज्या काळाला जे महत्त्वाचे वाटले, ते त्या काळाने या फुलावर लिहिले. नव्या नावामुळे हजारो लोकांचे तिच्याकडे लक्ष गेले, हे चांगलेच झाले. मात्र फ्रियर यांच्या नावाने ती वाचली नाही, हा धडा नव्या नावाच्या वेळीही स्मरणात असावा.

२३/
कारण आता गड पुन्हा राबते झाले आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘मराठ्यांची लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत शिवनेरी आहे. गर्दी वाढेल, वाटा रुंद होतील, सैल दरडी खरवडल्या जातील. गडप्रेमी तरुण श्रमदानाने तट मोकळे करतात, टाकी उपसतात. हे काम मोलाचे आहे. तटाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ काढावाच लागतो, नाहीतर तट फुटतो. पण तोच कोयता शेजारच्या नैसर्गिक कातळावर चालला, तर उन्हाळ्यात वाळक्या काडीसारखी दिसणारी शिंदळ माकुडी कचरा म्हणून उपटली जाऊ शकते.

२४/
धोके आणखीही आहेत. गवत चांगले यावे म्हणून किंवा निव्वळ बेफिकिरीने लावलेले वणवे खालच्या धारींपर्यंत पोचतात. पावसाळी मोहिमेत फुलाचे छायाचित्र काढून नेमकी जागा जाहीर केली, की संग्राहकाला आयती वाट सापडते. गड हिरवा करण्याच्या उत्साहात कड्याच्या काठावर परकी झाडे लावली, तर ज्या मोकळ्या, उघड्या कातळावर ती जगते, तेथे सावली येते. यांतले बहुतेक नुकसान प्रेमापोटीच होते आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगे आहे.

२५/
उपायही तेवढेच साधे आहेत. श्रमदानाआधी वनस्पतींच्या जाणकाराला एकदा गड दाखवावा. तट आणि कातळ यांत फरक करावा. ओळख न पटलेले रोप उपटू नये. दुर्मीळ फुलाचे छायाचित्र प्रसिद्ध करताना तालुक्यापुढचा पत्ता देऊ नये. कांडी तोडून घरी नेऊ नये. स्मारकांच्या कायद्याने गडाचा चिरा हलवणे गुन्हा ठरते. कपारीतल्या रोपाबाबत तीच मर्यादा गडावर येणाऱ्याने स्वतःहून पाळावी.

२६/
इतिहास म्हटला की तट, तोफा, तह आणि तारखा डोळ्यांपुढे येतात. शिवनेरीच्या कड्यात दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरणाऱ्या कारागिरांपासून आजच्या पर्यटकापर्यंत सर्वजण त्या गडावर पाहुणे म्हणून आले. सत्ता बदलल्या, नावे बदलली. कपारीतली ही रहिवासी मात्र दर पावसाळ्यात पाने धरत राहिली, दर शरदात फुलत राहिली. गडाच्या सर्वांत जुन्या शिबंदीपैकी ती एक आहे. जागतिक वारशाच्या पाटीवर तिचे नाव असो वा नसो, पुढच्या शरदात कड्यावर ती फुललेली असावी. गड राखला, असे तेव्हाच म्हणता येईल.